सही नव्हे, शिक्का आणि मोर्तब

आज दिवसभर मोडी कागदांत. 'महाराजांची सही कशी होती?' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून लिहितोय.

शिवकालीन राजपत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा असतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. म्हणून अक्षराच्या वळणावरून कारकून ओळखू येईल, राजा नाही. राजाची खूण म्हणजे शिक्का. वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची अष्टकोनी मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे छोटं मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला हे सांगणारा शिक्का. ते शेवटच्या अक्षराला जवळजवळ चिकटून असतं, कारण मागाहून कुणी एक शब्दही घुसडू नये. किती साधी आणि पक्की सोय! आपला 'शिक्कामोर्तब' शब्द इथलाच.

बनावट कागद बहुधा तारखेत सापडतो. 'खमस सबैन व अलफ' हे अरबी आकडे, म्हणजे ५, ७० आणि १०००, अर्थात सुहूर सन (त्या काळच्या कागदांतली एक कालगणना) १०७५. हे वर्ष मृगाला, त्या काळी मेअखेरीस, बदलतं. म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. इथे नवशिके हमखास एक वर्ष चुकतात. ६ जून १६७४ नंतर राज्याभिषेक शक, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं वर्ष, येतो. त्याआधीच्या पत्रात तो दिसला, की कागद बाजूला ठेवा.

आणि कृपा करून मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सुटत नाही, शाई आणि कागद दोन्ही जातात.