हलगीविना कुस्ती

आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद आता मातीत उतरत नाहीत. संध्याकाळी दारातल्या बाकावर बसून पोरांच्या पायांवर नजर ठेवतात. परवा त्यांना मोबाइलवर रणजितसिंहजी दाखवले. १८९७ सालची फिल्म, नेटमधला सराव. शिल्लक राहिलेल्या क्रिकेटच्या फिल्मांत ही सर्वांत जुनी मानतात.

"अंगात आल्यागत काय नाचतंय हे?"

मला ते सहन झालं नाही. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडायची. तीच आपण चोविसाच्या वेगानं पळवतो आणि चांगली चालती माणसं बाहुल्यांसारखी उड्या मारायला लागतात. मी वेग पाऊणपट केला. वस्तादांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला.

"आता वजन कळलं बघ. कुठल्या पायावर हाय ते." चार वेळा बघितलं त्यांनी.

मग मिचेल आणि केनियन या जुन्या इंग्रज फिल्मवाल्यांनी काढलेल्या फुटबॉलच्या फिल्मा. इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नमध्ये एका दुकानाच्या तळघरात १९९४ मध्ये त्यांची सुमारे ८०० रिळं सापडली. सामन्यापेक्षा कॅमेरा गर्दीवरच जास्त फिरतो, कारण स्वतःला पडद्यावर बघायला तीच माणसं तिकीट काढून येणार होती. ब्लॅकबर्नसुद्धा सोलापूरसारखंच सूतगिरण्यांचं गाव. टोप्या हलवणारी ती माणसं बघताना मला आजोबा आठवतात. जन्म गिरणीत गेला, आणि त्यांचा चालता-बोलता एक तुकडा घरात नाही.

"कुस्तीची नाही का एखादी?"

होती. १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ सुरू झाले, ते बघून त्यांनी २१ गिनी मोजून विलायतेतून कॅमेरा मागवला. फिल्म धुवायलासुद्धा विलायतेला पाठवावी लागली. आपल्या माणसानं टिपलेला पहिला सामना तो. आज ती फिल्म उरलेली नाही, आणि हे सांगताना दर वेळी माझा घसा दाटतो.

"लढले कोण?"

"पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी."

वस्ताद उठले. रविवारच्या जोडी लिहायचा फळा भिंतीला टेकलेला होता. खडू माझ्या हातात दिला.

"वर लिही. पहिली जोड."