आमची वाटचाल : झाकणाचा धंदा

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील बोर्डवॉकवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या फिरण्याच्या वाटेवर, उन्हाळाभर रंगवलेल्या शंखांतले हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) तारेच्या इवल्याशा पिंजऱ्यांत घालून विकले जातात, आणि मुलांच्या हट्टापायी घरी आलेला तो जीव हिवाळ्यात घरातली हीटिंग सुरू होऊन हवा कोरडी पडली की आठवड्याभरात मलूल होतो. त्याला कल्ल्यांनी श्वास घ्यावा लागतो, त्यासाठी हवेत 75 ते 80 टक्के ओलावा आणि सुमारे 27 अंश सेल्सिअसची ऊब लागते, व हे दोन्ही टिकवण्याचे काम त्याच्या टँकची काच नव्हे, वरचे झाकण करते. आमच्या मुलीचे दोन खेकडे पहिल्याच डिसेंबरात गेले, तेव्हा ही गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नव्हती. अजूनही सांगत नाहीत.

भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये बारा वर्षे काढल्यामुळे व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) हातात धरून विचार करण्याची सवय होती. न्यू जर्सीतल्या एडिसनमधील घराच्या गॅरेजमध्ये एक टेबल सॉ, एक उभे ड्रिल मशीन आणि एक भागीदार, एवढ्यावर काम सुरू झाले. पहिली चाळीस झाकणे ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकची केली, ही चूक सर्वस्वी माझी. ॲक्रिलिक पाणी शोषते. खालची बाजू सतत वाफेत आणि वरची कोरडी राहिल्याने खालची बाजू फुगते, पत्रा मध्ये खाली झुकतो व कोपरे वर उचलले जातात. खेकडा कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या धारेला धरून वर चढतोच. एका घरी तो सोफ्याखाली सापडला. फेब्रुवारीत एकोणतीस झाकणे परत आली, एक सोडून सर्वांचे पैसे परत दिले, आणि त्यासाठी पत्नीच्या बांगड्या मोडाव्या लागल्या.

त्याच आठवड्यात भागीदार निघून गेला. त्याचे मला वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की पुढच्या उन्हाळ्यात बोर्डवॉकवर जे झाकण निम्म्या किमतीत विकले जाऊ लागले, त्याला माझ्याच कानशीने घासून काढलेल्या नमुन्यावरून बनवलेली क्लिप होती, आणि ऊब देण्यासाठी चक्क बल्ब लावलेला होता. बल्ब हवा वाळवतो, हे भागीदाराला माझ्याइतकेच ठाऊक होते. लोकांनी मात्र ‘गरम झाकण’ म्हणजे ते, असेच मानले, आणि कित्येक जण आजही आम्हालाच नक्कल करणारे समजतात.

त्यानंतर 6 मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लास्टिक घेतले, प्रसरणासाठी दोन्ही बाजूंना 2 मिलिमीटर मोकळे सोडले, उष्णतेचे पॅनेल स्टेनलेस जाळीच्या आड बसवले. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) रबरी चोषकाने चिकटवणे बंद केले, कारण वाफेत चोषक सुटतो, प्रोब थंड खोलीत लोंबकळतो आणि हीटर थांबण्याचे नाव घेत नाही. म्हणून प्रोब क्लिपने पक्का केला, आणि तरीही काही बिघडलेच तर वीज तोडणारा वेगळा कटऑफ बसवला. टँकमध्ये खाऱ्या पाण्याचे भांडे असते, त्यामुळे साधे स्क्रू गंजतात. पितळ तर वापरूच नये, त्यातले तांबे खेकड्यांना विषारी असते. आम्ही नायलॉनचे स्क्रू वापरतो.

पहिल्या झाकणाचे पैसे परत न घेणाऱ्या एकच बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी दुसरे झाकण बसवून घेतले आणि हिवाळाभर सकाळ-संध्याकाळचे तापमान व ओलावा वहीत लिहून ठेवला. आमच्या पॅनेलचे वॉटेज त्या वहीवरून ठरले. कात टाकणारा खेकडा कित्येक आठवडे वाळूत गाडून घेतो, म्हणून टँकच्या तळाखाली हीटिंग पॅड लावू नका, हे त्या माझ्याआधी सांगत असत. विषय निघालाच आहे तर, वायर टँककडून प्लगकडे नेताना आधी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाशीच ठिबकते.

पुढची नऊ वर्षे काम चालत राहिले.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ ते बल्बचे झाकण घेऊन आले आणि त्यात आमचे पॅनेल बसवून मागू लागले. उलटे करून पाहिले तर सगळे स्क्रू पितळेचे, हिरवे पडलेले. ते आधी काढून टाकले, मग पॅनेल बसवले, आणि पैसे पूर्ण घेतले.