तुम्ही विचारलंत म्हणून: लॉइड्सची कपॅसिटी कोणत्या भावाने घ्यावी?

लॉइड्समध्ये पैसे घालू पाहणारी लंडनमधली आपली मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकांना उत्तरात पेन्समधला एक आकडा हवा असतो. भावाचं बोलू, पण आपण विकत काय घेतोय ते आधी बघा.

लॉइड्स ही विमा कंपनी नव्हे, बाजार आहे. तिथे विम्याची जोखीम घेतात ती सिंडिकेटं, म्हणजे पैसे घालणाऱ्यांचे गट. एका सिंडिकेटने वर्षात किती प्रीमियमचा धंदा घ्यायचा, ती मर्यादा म्हणजे कपॅसिटी. तिच्यातला वाटा घेतला की दरवर्षी त्या धंद्यात सामील व्हायचा हक्क मिळतो. मुंबईतली पागडीच म्हणा ना! पागडी मोजली म्हणून दुकानात माल भरत नाही.

समजा, एक लाख पौंडांची कपॅसिटी घेतलीत, भाव पौंडाला 40 पेन्स. हे 40 हजार विकणाऱ्याच्या खिशात गेले. दावे भागवायला त्यातला छदामही उरत नाही. त्यासाठी लॉइड्सकडे वेगळं तारण ठेवावं लागतं. निदान आणखी 40 हजार धरून चाला, सिंडिकेट जोखमीचं असेल तर जास्तच. तारणात शेअर चालतात, बँक गॅरंटीही चालते. ठेवलेल्या शेअरांचा लाभांश तुम्हालाच मिळत राहतो, आणि लोक भुलतात ते यालाच. वादळाचं वर्ष आलं की तेच शेअर विकायची पाळी येते.

पूर्वी नेम म्हणवणाऱ्या सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. 1988 ते 1992 या वर्षांत ॲस्बेस्टॉसच्या आणि इतर दाव्यांनी बाजाराला सुमारे 8 अब्ज पौंडांचा फटका बसला, त्यात कितीतरी घरं धुऊन निघाली. आता नवा माणूस मर्यादित जबाबदारीच्या कंपनीतून किंवा भागीदारीतूनच येतो. तारण मात्र पूर्ण जाऊ शकतं.

हिशेब तीन वर्षांचा. 2026 च्या लिलावात घेतलेली कपॅसिटी 2027 च्या खात्याला, म्हणजे त्या वर्षीच्या धंद्याला लागणार, ते खातं 2029 अखेर बंद होणार, नफा हातात यायला 2030 उजाडणार. मधेच कपॅसिटी विकलीत तरी उघडी खाती तुमच्याच गळ्यात. सिंडिकेटच गुंडाळलं गेलं, तर भावापोटी मोजलेले पैसे बुडाले.

आता भाव. तो चढतो दोन-चार चांगल्या निकालांनंतर, म्हणजे बहुधा प्रीमियमचे दर उतरायला लागतात तेव्हाच. म्हणून मी आधी तीन वर्षं उघडून बघतो: 2005 चं कॅटरिना वादळ, 2011 चा जपानचा भूकंप आणि थायलंडचा पूर, 2017 ची हार्वे, इर्मा, मारिया ही वादळं. त्या वर्षांत बाकी बाजाराच्या मानाने हे सिंडिकेट किती बुडालं? कमी बुडालं असेल तर चढा भावही मला चालतो. ज्याचा त्या वर्षांचा हिशेबच मिळत नाही, ते 2 पेन्सलाही नको.