व्हेनिसमध्ये पत्ता शोधताना दीड तास गेला, माझा अनुभव

आई-बाबांना घेऊन तीन दिवस व्हेनिसला जाऊन आले. म्युनिकहून थेट ट्रेन, सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉल, तिथूनच वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची बस, सगळं छान झालं. पण मला सांगायचंय ते पत्त्याबद्दल, कारण ते आठवलं की अजून डोकं तापतं.

घरमालकाने मेसेजमध्ये काय पाठवलं, तर सहा हजारांच्या घरातला एक नंबर आणि पुढे व्हेनिस. बास. गल्लीचं नाव नाही, खूण नाही. मॅपवर टाकलं, ठिपका आला, रियाल्तोला उतरून निघालो. दर दोन मिनिटांनी पूल आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या, तीन बॅगा, त्यात बाबांचा गुडघा दुखरा. ठिपक्यापाशी पोचलो, दारावर अगदी तोच नंबर, बेल दाबली तर वरच्या खिडकीतून एक आजी "कास्तेल्लो, कास्तेल्लो" म्हणत हात हलवायला लागल्या. मला वाटलं गल्लीचं नाव सांगतायत, म्हणून ती गल्ली शोधत बसले. अरुंद गल्ल्यांत जीपीएस नीट चालत नाही, एकदा तर आम्ही कालव्याच्या मधोमध उभे आहोत असं दाखवत होता. मालकाला पाच फोन केले, एकही उचलला नाही. पैसे आधीच घेतले होते ना! आई एका चौकातल्या जुन्या दगडी विहिरीच्या कठड्यावर टेकली, तिचा चेहरा बघून मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी बाबा म्हणाले, "अगं, हे आपल्या पेठांसारखं तर नाही ना? नारायण पेठेतला नंबर वेगळा, शनिवारातला वेगळा." आणि अगदी तेच होतं! व्हेनिसच्या जुन्या शहराचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, दोर्सोदुरो, सांता क्रोचे. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नाही तर अख्ख्या सेस्तिएरेत एका ओळीने चालतात, त्यामुळे एकच नंबर दोन-तीन ठिकाणी असू शकतो. बुकिंगचा ईमेल उघडून पार खालपर्यंत गेले तर बारीक अक्षरात कान्नारेजो! आम्ही शेजारच्या कास्तेल्लोत फिरत होतो. सांता मारिया देई मिराकोली चर्चपासून दोन मिनिटांवर घर, म्हणजे जिथे भटकत होतो तिथून जेमतेम पाच-सात मिनिटं. बाबांचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तर बुकिंग करतानाच सेस्तिएरे, गल्लीचं नाव आणि जवळचं चर्च, तिन्ही लेखी मागून घ्या. नुसतं गल्लीचं नाव पुरत नाही, काल्ले देल फोर्नो नावाच्या गल्ल्याच कितीतरी आहेत. तिथे गल्लीला काल्ले, चौकाला काम्पो म्हणतात आणि नावं भिंतीवर पांढऱ्या पट्टीत काळ्या अक्षरात रंगवलेली असतात. रियाल्तो, सान मार्कोकडे जाणारे पिवळे बाण मॅपपेक्षा भरवशाचे.

बोटीचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा ७५ मिनिटांना साडेनऊ युरो आणि २४ तासांचा पास २५ युरोला होता, त्यामुळे वयस्कर माणसं बरोबर असतील तर पासच घ्या, आणि प्रत्येक वेळी चढायच्या आधी मशीनला लावा, नाहीतर दंड. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलच्या जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबते, हळू जाते पण बघायला तीच छान.

अजून एक राहिलंच. २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी आहे. मुक्कामाला असाल तर ती माफ असते, पण त्या दिवसांत माफीचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन काढून ठेवावा लागतो. आणि मोठी चाकाची बॅग नकोच, पाठीवरची सॅक न्या.