पोल का उतरवला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑक्टोबरात बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की जेट्टीवर कुणी ना कुणी आमच्या 'टिटवी' या शिडाच्या बोटीच्या नाळेवरची (पुढच्या टोकावरची) पुढे आलेली नळी बघतं आणि विचारतं, "जुना स्पिनेकर चांगला होता की. असिमेट्रिक का लावलात? आम्हीही बदलावं का?" स्पिनेकर म्हणजे वारा मागून असताना पुढे फुगवायचं मोठं शीड, आणि असिमेट्रिक हा त्याचाच पोल, म्हणजे आडवी काठी, न लागणारा प्रकार.

तुमच्या बोटीवर दर शनिवारी पाच जण नेमाने येत असतील तर बदलू नका. आम्ही तिघंच उरलो होतो, म्हणून बदललं.

'टिटवी' २६ फुटी, जड किलाची, म्हणजे तळाला वजनदार पातं असलेली बोट. जुना स्पिनेकर दोन्ही बाजूंनी सारखा. त्याचा एक कोपरा पोलच्या टोकाला, पोलचं दुसरं टोक डोलकाठीला. पोल वर उचलून धरायला एक दोरी, खाली दाबून ठेवायला दुसरी, मागे ओढायला तिसरी, तिला 'गाय' (guy) म्हणतात, आणि शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला ते ओढायची-सोडायची दोरी, म्हणजे शीट. एवढ्या दोऱ्या सांभाळत जाईब करायची (वारा मागे ठेवून बोट वळवायची आणि शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं) म्हणजे एकाने हेलकावणाऱ्या नाळेवर उभं राहून पोल डोलकाठीपासून सोडवायचा, ते टोक नव्या बाजूला अडकवायचं आणि जुनं टोक डोलकाठीला लावायचं. तेवढा वेळ मागच्यांनी शीड भरलेलं ठेवायचं. पाच जणांत हे सुरेख जमायचं. मग एक मित्र दुबईला गेला, एकीच्या गुडघ्यांनी ऐकेनासं केलं. मार्चमधल्या एका दुपारी आम्ही तिघंच होतो. कुलाब्याजवळच्या प्रॉन्ग्स दीपस्तंभाच्या पुढे जाईब करताना पोल दादाच्या हातातून सुटला आणि त्याच्या गळ्याच्या हाडावर बसला. सहा आठवडे त्याचा हात झोळीत होता. त्याला नाळेवर एकट्याला पाठवणारी मी होते, सुकाणू माझ्याच हातात होतं. ती दुपार मी विसरलेले नाही.

असिमेट्रिकला पोल लागत नाही. शिडाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा लांब असते आणि पुढचा खालचा कोपरा नाळेबाहेर काढलेल्या बोस्प्रिटच्या, म्हणजे तुम्ही बघता त्या नळीच्या, टोकाला बांधलेला राहतो. जाईब करताना एक शीट सोडायची, दुसरी ओढायची. नाळेवर कुणी जायचं नाही. ही कल्पना रुजली ती सिडनी बंदरातल्या १८ फुटी स्किफवर, म्हणजे हलक्या, वेगवान रेसिंग बोटींवर. १९८०च्या दशकात ज्युलियन बेथवेट आणि अँड्र्यू बकलंड यांनी तिथे ती यशस्वी करून दाखवली. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला जे/१०५ सारख्या किलाच्या बोटींवर ती आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपले गणपती आणि वरुण ठक्कर फोर्टीनाइनर नावाच्या ज्या हलक्या बोटीवर उतरले, तिच्यावरही हेच शीड, आणि ती बोट दोघंच चालवतात.

पण फोर्टीनाइनर पाण्यावर उचलली जाते, 'टिटवी' पाणी कापत जाते. बदलण्याआधी नीट समजून घ्यायचं ते हेच. असिमेट्रिक थेट वाऱ्याच्या पाठीवर चालत नाही, मोठ्या शिडाच्या आडोशाला जाऊन मिटतं. म्हणून तिरकं जायचं, जाईब करायची, पुन्हा तिरकं जायचं. सरळ रेषेपासून ३५ अंश तिरकं गेलात तर अंतर सुमारे २२ टक्क्यांनी वाढतं. वारा हलका असतो तेव्हा हे परवडतं. सरळ जाताना बोट साडेतीन नॉटवर रेंगाळते, तिरकं वळवली की वारा बाजूने लागतो आणि ती सव्वाचारच्या पुढे सहज जाते. जोराच्या वाऱ्यात मात्र गणित उलटतं. पाण्याच्या रेषेवर आमची बोट २१ फूट, म्हणजे त्या लांबीला तिच्या वेगाची मर्यादा सहा नॉटच्या जरा वर. सरळ जाऊनच ती सहाला पोचली असेल, तर तिरकं जाऊन सव्वासात कुठून आणायचे? अशा दिवशी पोलवाले आमच्या पुढे निघून जातात. आम्ही ते मान्य केलंय.

मुंबईत नशीब असं की दुपारचा खारा वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि गेटवेवरून मांडव्याकडे निघालं की तो मागून थोडा तिरकाच लागतो. त्या वाटेवर हे शीड असं ओढतं की एकही जाईब न करता निम्मी खाडी पार होते. भाचीने शीट पहिल्यांदा हातात घेतली ती याच वाटेवर. शिडाची पुढची कड किंचित दुमडते की नाही, एवढंच बघत राहायचं. दुमडली की ओढ, नाहीतर सोडत राहा.

खर्चाचं विचारता, तर शिडापेक्षा बोस्प्रिटच्या बसवणीकडे लक्ष द्या. शीड नळीला पुढे ओढत नाही, वर उचलतं. त्यामुळे टोकापासून खाली नाळेला बांधलेली ताणाची दोरी हवी आणि डेकच्या आतून जाड पाटी लावून बोल्ट आरपार हवेत. आमच्या पहिल्या कारागिराने नुसते स्क्रू मारले होते, महिन्याभरात डेकला चीर गेली. बोस्प्रिट आखूड असेल तर जाईबमध्ये शीड आतून, म्हणजे त्याची पुढची कड आणि डोलकाठी यांच्या मधून, नेऊ नका, पुढून बाहेरून फिरवा. तेव्हा ढिली शीट नळीच्या टोकावरून खाली पडते आणि बोटीखाली जाते. पुढच्या कोपऱ्याशी एक लवचिक सळी लावली की ती तिथेच अडते. शीड उतरवताना आधी पुढचा कोपरा सोडा, मग हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी), आणि मोठ्या शिडाच्या आडोशाला ते आत ओढून घ्या.

रेसिंगचं रेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या बोटींची बरोबरी करायचा आकडा, नव्याने करून घ्यावं लागतं. बोट वन-डिझाइन वर्गातली (जिथे सगळ्या बोटी एकसारख्याच असाव्या लागतात) असेल तर आधी वर्गाचे नियम वाचा. जे/२४ असेल तर तो वर्ग जुन्या स्पिनेकरवरच धावतो, तिथे विषयच मिटला.

पोल विकलेला नाही. दादाचा खांदा आता बरा आहे आणि कधी पाच जण जमले तर जुनं शीड काढायचं, असं तो म्हणतो. रविवारी दोनच्या सुमारास वारा धरला की आम्ही निघतो. तुम्ही या, शीट तुमच्याच हातात देते.