पडवीतली खाट

पेट्या भरायला येणाऱ्या बायका आंब्यावरून हात न काढता हळूच विचारतात, "काकी, नवरा जवळ येईनासा झाला की संसार मोडता काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून माझंच सांगते.

देवगडात आमची कलमं आहेत. एका मे महिन्यात यांनी उकाड्याचं निमित्त करून खाट पडवीत नेली. मिरगाचा पाऊस लागला, झड अंथरुणापर्यंत येऊ लागली, तरी माणूस आत येईना. म्हणे, "माका हयच झोप लागता."

खरं सांगू? सुरुवातीला मला सुटल्यासारखं झालं. पाळी जायच्या बेतात होती, कोरडेपणाने दुखायचं, बोलायची लाज. पण मग बाकीचंही गेलं. चहाचा कप हातात देणारा माणूस तो कठड्यावर ठेवून जायला लागला. बोट लागलं तर मी काही अपेक्षा धरीन, याची त्यांना धास्ती. हे कळलं फार उशिरा. तोवर मी गावात दुसरी कोण असेल, याचा हिशेब मांडत होते. आमटीतलं मीठ, विजेचं बिल, कशावरूनही वाजायचं.

बहिणीने वकिलाकडे नेलं. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २००७ सालचा समर घोष खटला सांगितला: शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना जोडीदाराने दीर्घकाळ एकतर्फी संबंध नाकारले, तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. एसटीत बसल्यावर डोक्यात एवढंच, सबळ कारण.

ते निघालं पायाच्या जखमेतून. कोयता लागलेला, दीड महिना भरेना. तपासली तर साखर तीनशेच्या वर. डॉक्टरांनी माझ्यादेखत विचारलं, "नवरा-बायको म्हणून ठीक आहे ना?" हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, ताठरता जाते. इच्छा जातेच असं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तीन वर्षं यांनी ते एकट्याने गिळलं होतं. आधी माझा जीव कळवळला, मग असा संताप आला! तीन वर्षं मी नसलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते.

गोळ्यांनी थोडं सुधारलं, सगळं नाही. मलाही मलम मिळालं. मिठावरून अजून वाजतं, पण आता ते मिठाचंच असतं. खाट पडवीतच आहे, तिच्यावर रिकाम्या पेट्या रचल्यात.