दहा नंबरचा शर्ट

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी मुलांकडून फुटबॉलचे कॉर्नर मारून घेत होतो. गॅदरिंग, प्रयोगशाळा, बाईंचा मराठीचा तास असं बरंच लिहायचं ठरवलं होतं. पण कागद पुढे घेतला की पी.टी.चे सरच येऊन उभे राहतात. गळ्यात शिट्टी, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

१९८६चा पावसाळा. मेक्सिकोचा वर्ल्ड कप नुकताच संपलेला. चाळीत वरच्या मजल्यावरच्या काकांकडे मॅराडोना बघितला आणि मी हट्टाने दहा नंबरचा शर्ट मागून घेतला. सरांनी कॅप्टनही मलाच केलं. शर्ट एकूण अकराच होते, एक्स्ट्रा पोरं बनियनवर बसायची, हे तेव्हाच्या मुलांना आठवत असेल.

आंतरशालेय स्पर्धेची पहिली मॅच क्रॉस मैदानावर, घोटाभर चिखलात. ०-४ हरलो. परत येताना व्हीटीला गाडीत चढल्यापासून मी आमच्या गोलकीपरला धुवायला सुरुवात केली. दोन गोल तुझ्या तंगड्यांतून गेले, घरी बस उद्यापासून, वगैरे. तो बिचारा दाराबाहेर बघत राहिला. सर शेजारीच दांडा धरून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. चिंचपोकळीला उतरल्यावर त्यांनी ओल्या शर्टांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "कॅप्टन, उद्या धुऊन आणायचे."

एरवी हे काम शिपाईमामांचं. बाबांची गिरणी ८२च्या संपानंतर उघडलीच नव्हती, घरात साबणही मोजून वापरायचा. आईने पाचशे एकच्या बारचा अर्धा तुकडा काढून दिला आणि मोरीत माझ्या शेजारी बसली. गोलकीपरचा शर्ट तीनदा पिळला तरी काळंच पाणी सुटत होतं. गोलपुढे बचाव करणाऱ्या दोन्ही बॅकच्या शर्टांच्या कोपरांवर गवत घासून हिरवे डाग पडले होते, ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. मग आईच्या हातात दहा नंबर आला. तिने उलटापालटा करून बघितला.

"हा कुणाचा रे? हा पोरगा खेळलाच नाही वाटतं."

"एक्स्ट्रा होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी दमट शर्ट मोजून घेतले. विचारलं काहीच नाही. फक्त पुढच्या मॅचला गोलकीपरला कॅप्टन केलं. मी फुगून बसलो, तर मला स्टेजच्या पायरीवर बसवून त्यांनी १९६२च्या जकार्ता एशियाडची गोष्ट सांगितली. पहिलीच मॅच आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो होतो आणि फायनलला पुन्हा तोच कोरिया समोर. आपल्या कोचनी, रहीमसाहेबांनी, काय केलं? डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, म्हणजे मूळच्या बॅकला, पुढे फॉरवर्डला खेळवलं. त्याने गोल मारला, आपण २-१ जिंकलो, सोनं आलं. मला वाटलं, आता आपल्याला चुचकारणार. सर म्हणाले, "तू उद्या राइट बॅक."

तीही मॅच ०-१ हरलो. त्या दिवशी शर्ट मामांनीच धुतले, त्यामुळे माझा किती मळला होता ते कुणी बघितलं नाही.

आज मी स्वतः कोच आहे. कोचिंगचं डी लायसन्स काढलं, माझ्या हाताखालची दोन पोरं कूपरेजच्या मैदानावर लीग खेळून आली, हे सांगायचा मोह आवरत नाही. पण ज्या रोव्हर्स कपला सर आम्हाला कूपरेजवर न्यायचे तो राहिला नाही, गिरण्यांच्या टीम गेल्या, महिंद्रचीही २०१०मध्ये बंद झाली. आपल्या शाळेत टाकीकडचा गोलपोस्ट होता तिथे आता पेव्हर ब्लॉक आहेत. सर नाहीत, हे एका अर्थी बरंच.

हल्ली पोरं तासाच्या भाड्याच्या टर्फवर खेळतात. चिखल नाही. मागच्या महिन्यात सरावाच्या मॅचमध्ये एक टीम सहा गोलांनी हरली. तिचा कॅप्टन, चांगला चुणचुणीत पोरगा, गोलकीपरच्या अंगावर ओरडत बाहेर आला. रेषेबाहेरून त्याचे पप्पाही त्याच्या सुरात सूर मिसळत होते. मी काही बोललो नाही. टीम ओळखायला शर्टावर चढवतात त्या घामेजलेल्या बिबची पिशवी कॅप्टनच्या हातात दिली.

रात्री त्याच्या आईचा फोन. बिबमधून टर्फचे काळे रबरी दाणे निघाले आणि वॉशिंग मशीन तुंबलं. "सर, ही कुठली पद्धत?" मी माफी मागितली, मशीनवाल्याचे पैसे देतो म्हटलं.

बिब मात्र दुसऱ्या दिवशी मोजून घेतले. चौदाच्या चौदा होते.